खांबाखालचं मीठ

॥ श्री ॥
मिरकरवाडा,
ता. ११ जानेवारी १९८६

ती. सौ. मैनाताईस,
शिवाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व ठीक. नवरात्रात आई आमच्या कारखान्याच्या कोल्ड स्टोरेजात घसरली होती ना, तेव्हापासून मी रोज सकाळी तिथल्या जमिनीवर मीठ पसरतो. बर्फ धरत नाही, मासळी भरणाऱ्या बायका खुशाल चालतात. मुलगा माझ्या वाटेत मीठ घालतो, असं आई बंदरभर सांगते. तुझी भावजय नाक मुरडते, ते वेगळं.

काळजी दुसरीच आहे. आतला मधला खांब हळूहळू कलतोय. दार लागेना म्हणून दोनदा तासलं. शेठ लादीच्या भेगा तेवढ्या लिंपतात. भावोजी धरणाच्या प्रकल्पावर पायाचीच कामं बघतात, त्यांना जरूर विचार.

लोभ आहेच, पत्रातूनही दिसू दे.
तुझा,
शिवा

॥ श्री ॥
अलोरे,
ता. १८ जानेवारी १९८६

चि. शिवास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या माहेरच्या पत्रावर हे एरवी जांभया देतात. या वेळी चहा निवला तरी उठले नाहीत. ह्यांचं म्हणणं, इतक्या वर्षांच्या गारठ्याने लादीखालची मातीही गोठून दगड झाली असणार, आणि खांब तिच्यावर उभा आहे. मिठाचं पाणी भेगांतून उतरलं की ती माती पुरती वितळत नाही, पण आतून सैल पडते आणि ओझ्याखाली रोज जराजरा सरकते. आत गेलेलं मीठ आता निघायचं नाही. निदान नवीन घालू नकोस, गोणपाटं टाक. शेठना टेकू द्यायला सांग.

आणि आईला आत पाठवू नकोस. ती ऐकायची नाही, तरी भांड. मला फार भीती वाटते.

सर्वांना सांभाळ, माझी आठवण ठेव.
तुझी,
मैनाताई

मिरकरवाडा,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. ताईस,
शिवाचा नमस्कार.

आईचं बारावं उरकून तू गेलीस. तू सारखी रडत होतीस, म्हणून कसं झालं ते नीट सांगितलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मीठ बंद केलं, गोणपाटं घातली. आईशी भांडलोही. ती म्हणाली, खांब पडायचा तेव्हा पडेल, आजची मासळी कोण भरणार? तिसऱ्या दिवशी ओलं गोणपाट गोठलं, त्यावरच तिचा पाय गेला आणि डोकं त्या खांबावर आपटलं. खांब हललासुद्धा नाही. मला त्याचा राग येतो. भावोजींचा येत नाही, हे त्यांना आवर्जून सांग.

शेठनी आता टेकू दिलेत, तरी दार पुन्हा अडकतंय. काल आईच्या जोडीची सखू घसरता घसरता वाचली. बायका विचारतात, आईसाठी घालत होतास, मग आमच्यासाठी मीठ का नाही? घालू की नको, ते भावोजींना विचारून लगेच कळव. रोज सकाळी ते दार मलाच उघडावं लागतं.

आईच्या वाटणीचा लोभही आता तूच करावास.
तुझा,
शिवा