कंबर तीनदा आत घेतलेला स्कर्ट

प्रिय दादा,

तीन वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगते, आई-बाबा ठणठणीत आहेत आणि मीही धडधाकट आहे. आज सोमवार, आम्हा मॉर्मन मिशनऱ्यांचा आठवड्यातला एकच मोकळा दिवस. सकाळी कपडे धुतले, भाजी आणली, आता लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसले आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी पुन्हा भाषण ठोकलं असतं. भाषणबाई हे नाव तूच तर ठेवलंस.

आमचा आठवडा तुला पाठ असेल. मंगळवार ते शनिवार नुसते जिने. छातीवर नावाची काळी पट्टी, हातात पुस्तकं, आणि दारामागून दारं. कुणी साखळी न काढता फटीतून बघतं, कुणी आतून टीव्हीचा आवाज वाढवतं. परवा एका आजोबांनी देवाबद्दलचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते ठीक आहे, पण गॅसचं मीटर कधी बघणार?" रविवारी प्रार्थना, आणि संध्याकाळी आमच्या मिशनच्या अध्यक्षांना अहवाल. किती दारं वाजवली, किती जणांनी आत घेतलं, आणि शेवटच्या रकान्यात, जिच्याबरोबर जोडीनं राहायचं आणि फिरायचं त्या जोडीदाराची प्रकृती. तिथे मी गेल्या आठवड्यापर्यंत सलग दहा वेळा 'उत्तम' लिहिलं.

माझी जोडीदारीण माझ्याहून वर्षानं लहान आहे. दुसऱ्याच आठवड्यात भांडी घासता घासता ती म्हणाली, "ताई, मला घरी जायचंय. मला इथे श्वास पुरत नाही." मी हातातली ताटली खाली ठेवली आणि बोलायला लागले. जे जे वाचलं होतं ते सगळं काढलं. शब्दासाठी तुरुंगात गेलेली माणसं, पोरंबाळं घेऊन समुद्र ओलांडलेली माणसं. चाळीस मिनिटं! ती रडली, "राहते" म्हणाली. मी एक जीव वाचवला, असं मला वाटलं, आणि तसं आईला कळवलंसुद्धा. मग ती जिन्यात थांबली की भाषण, बस स्टॉपवर गप्प झाली की भाषण. ती जेवताना ताटात नुसती बोटं फिरवायची, तेव्हा मी उपवासाच्या सामर्थ्यावर बोलले. हे लिहिताना माझेच कान तापले आहेत.

आमच्या इमारतीखाली एक म्हातारा शिंपी आहे. "पोरींनो, तुमचा देव सुट्टी देतो की नाही?" असं तो रोज चिडवतो. गेल्या सोमवारी ती तिचा तपकिरी स्कर्ट त्याच्याकडे घेऊन गेली. त्यानं तो उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याशी नाही, माझ्याशी बोलला. "ही कंबर मी तिसऱ्यांदा आत घेतोय. तू राहतेस ना हिच्याबरोबर?"

दादा, जोडीदाराला घटकाभरही नजरेआड करायचं नाही, असा आमचा नियम. मी तो एक दिवसही मोडला नाही. आणि तिची कंबर दिसली ती त्या शिंप्याला.

त्याच दुपारी मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं की माझे दहाही अहवाल खोटे आहेत, तिला डॉक्टर हवा आणि घर हवं. ते म्हणाले, थोडा धीर द्या तिला, तुमची जीभ चांगली आहे. मी म्हटलं, त्या जिभेनंच घात केलाय. डॉक्टरांनी तपासून तिला परत पाठवायचं ठरवलं. माझी श्रद्धा तसूभरही ढळलेली नाही. उरलेले आठ महिने मी पुरे करीन. पण परत जाणाऱ्याला भेकड म्हणणारं तोंड आता माझं नाही.

तू तुझं मिशन अर्धं टाकून सातव्या महिन्यात परत आलास, त्या संध्याकाळी घराला कुलूप होतं. सगळे चर्चच्या हॉलमध्ये माझं भाषण ऐकत होते. विषय होता दिलेला शब्द पाळणं. तुझं नाव मी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. टाळ्या वाजत असताना तू मला दिसलास, शेवटच्या रांगेमागे, दारात, बॅग हातात धरून. मी बोलणं थांबवलं नाही. नंतर तू दुसऱ्या शहरात राहायला गेलास. तू का परतलास, हे मी तुला कधीच विचारलं नाही. आज त्याबद्दल नुसती माफी मागितली तर तेही एक भाषणच होईल.

म्हणून एक काम सांगते. बुधवारी सकाळी दहा वाजता तिचं विमान तुझ्या शहरात उतरतंय. तिच्या वडिलांनी निरोप पाठवलाय, "मिशन अर्धं टाकून येणाऱ्या मुलीला घ्यायला आमच्या घरून कुणी येणार नाही." तू जा. तिनं तोच तपकिरी स्कर्ट घातलेला असेल, कमरेला शिलाईच्या तीन ओळी. तिला काही विचारू नकोस, काही समजावू नकोस. फक्त तिच्या हातातली बॅग घे. त्या संध्याकाळी व्यासपीठावरून उतरून मी तुझी घ्यायला हवी होती, तशी.

तुझीच,
भाषणबाई