फाटक एकमतानं उघडतं

३ मार्च, वसमत

आमच्या तांड्यावरच्या शाळेत शेवटच्या तासाला सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. वरचे पत्रे थरथरायचे. रस्त्यावरची बैलगाडीसुद्धा तेवढ्यापुरती सावकाश व्हायची, असं मला आपलं वाटायचं. तो आवाज कानातून कधी गेलाच नाही. आज इथं पुन्हा ऐकला.

सेनगावहून एसटीनं दुपारी उतरलो. मास्तरकी केव्हाच संपली, आणि या वयात मी एम. ए. करतोय, विषय संस्थांचं सामाजिक मानसशास्त्र. बायको पारुबाई म्हणाली, जन्मभर लेकरांना शिकवलं, आता मोठी माणसं काहून एका जागी बसतात ते शिकायला निघाले. प्रबंधासाठी या हळद व्यापारी मंडळात महिनाभर राहून माणसं बघायची आहेत. प्रमुख उकंडरावांनी गोदामाला लागून खोली दिली. उशीलाही हळदीचा वास आहे. फोन तेवढा फाटकाजवळच्या पेटीत ठेवायचा, बैठकीत वाजायला नको म्हणून.

संध्याकाळी बैठक. इथली रीत मोठी गोड. ठराव आला की प्रत्येकानं ‘बराबर’ म्हणायचं, आणि शेवटचा माणूस म्हणेपर्यंत फाटकाचं कुलूप काढायचं नाही. आज सगळे एकदम म्हणाले. मला माझा वर्ग आठवला, डोळे भरून आले.

६ मार्च

सोनाजीशी गट्टी जमली. माल उतरवून घेणारा हा गडी मला म्हणतो, परीक्षेत कॉपी करायची असंल तर माझ्या मागं बसा, सर. चौथीतली एक कविता त्याला अर्धीच येते. पुढचं कडवं मी म्हटलं, तर लेकरासारखा हसला.

त्याला पुस्तकातलं सांगितलं. सगळा गट एक बोलत असला, तरी आपल्या बाजूचा एक सोबती मिळाला की माणूस डोळ्यांना दिसतं तेच बोलतो. तो म्हणाला, मंग काय, इथं तुमी अन् मी.

९ मार्च

आजचा ठराव, आलेला माल कोरडा आहे. सोनाजी म्हणाला, ओला हाय, हात लावून बघा. कुणी चिडलं नाही. सगळे त्याच्याकडं बघत बसले. कविता विसरलेल्या पोराकडं वर्ग बघतो, तसे. दिवे लागले तरी बसलेलेच. मला खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा बैठक मोडली होती, फाटक उघडं होतं. टेबलं आवरणारी शितल म्हणाली, झालं एकमत.

१० मार्च

सोनाजी आला नाही. त्याची खुर्चीही नाही. बाकीच्या सरकवून जागा भरून घेतलीय. शितलला विचारलं, तर म्हणाली, कोण सोनाजी? हिशेब बघणारा प्रेमानंद रोज त्याच्या डब्यात जेवायचा. त्यानंही तेच विचारलं.

लेकरू खोटं बोललं की मास्तराला कळतं. हे खोटं बोलत नाहीयेत.

११ मार्च

आजचा ठराव, सोनाजी नावाचा माणूस इथं कधी नव्हता. सगळे बराबर म्हणाले. मी नाही म्हणालो. मी ‘बराबर’ म्हणालो, तर तो खरंच नव्हता असं होईल. उकंडरावांनी माझ्या पाठीला उशी लावली. म्हणाले, “सावकाश होऊ द्या, सर. आमी हाव की.”

फाटक बंद.

१२ मार्च

कुणीच घरी गेलं नाही. माझ्यामुळं. शितलचं लेकरू तापानं फणफणलंय. तिनं ते एकदाच सांगितलं, मग नुसती बघत राहिली. फोन मागितला. उकंडराव म्हणाले, घरी कळवलंय, सरांचा अभ्यास लांबला म्हणून. पारुबाई म्हणाली म्हणे, गोळ्या वेळेवर घ्या म्हणावं.

फाटक हलवलं. सगळे मागं उभे होते. कुणी अडवलं नाही. एकानं पाणी आणून दिलं.

१३ मार्च

प्रेमानं जेवू घालतात. खोलीच्या दाराशी बसून राहतात. तीळ होता त्याच्या गालावर — डाव्या? त्याचं हसणं — मी कुणाला कविता म्हणून दाखवली होती? कुणाला तरी —

होता. सोनाजी होता. लिहून ठेवतो.

बहुतेक १४

एक सोबती. एकच पाहिजे. पुस्तकात तसं —

सकाळ

दार वाजलं. आजवर कुणी वाजवलं नव्हतं. उघडलं.

सोनाजी.

तोच. तीळ डाव्याच गालावर. मी त्याचा हात धरला, गरम आहे. रडलो. तो उंबऱ्यातच उभा आहे, मागं सगळे. म्हणाला, “मी बी बराबर म्हणलो, सर. सोनाजी नव्हता इथं. तुमचंच तेवढं राहिलं.”

वही सोडली नाही, उभ्यानंच लिहितोय. विचारलं, मग तू कोण.

त्यानं वळून उकंडरावांकडं पाहिलं. ते म्हणाले, “त्याचा ठराव व्हायचाय अजून, सरांचं झालं की —” आणि सगळे आत येऊन —