अंतरपाटाच्या या बाजूने

गुरुवार, संध्याकाळ. कुकर व्हायचाय, तोवर लिहिते.

घोटीहून नणंद आली म्हणून आज आमच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. अंतरपाट दूर झाला आणि टीव्हीभर माझा चेहरा. सासूबाई म्हणाल्या, "किती गोड दिसत होतीस गं!" मी मात्र चिडले. त्या क्षणी मला काय दिसलं, ते अख्ख्या व्हिडिओत कुठेच नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, शूटिंगवाला आमचा होता. तो आमच्याच बाजूने उभा राहणार ना?"

पोळ्या लाटताना माझी अडकलेली कथा आठवली. तिच्यातली नवरी सुंदर दिसते, गप्प असते, सगळे तिच्याकडे बघतात. ती कुणाकडे बघते? लिहितेय मी, आणि तरी कॅमेरा त्यांच्याच बाजूला! असं का केलं मी? सवयीने?

आत्ता तो प्रसंग पुन्हा लिहायला घेतला. कॅमेरा उचलून नवरीच्या डोळ्यांत ठेवला. मंगलाष्टकं चालू आहेत. समोर फक्त अंतरपाट. कुंकवाचं स्वस्तिकसुद्धा पलीकडून काढलेलं, इकडे उलटं उमटलेलं. आणि माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तो अंतरपाट दूर व्हायचं नाव घेत नाही.