‘घाटाचा राजा ३’ फोनवर मिळणार नाही

२ एप्रिल, सकाळी ७
निर्णय पक्का. माझ्या बैलगाडा गेमचा तिसरा भाग हँडहेल्ड कन्सोलवरच, म्हणजे हातात धरायच्या गेमच्या यंत्रावरच येणार. पहिले दोन कॉम्प्युटरवर आपटले, कारण बैलगाडा ही खुर्चीत बसून खेळायची गोष्टच नव्हे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर उभं राहून, दोन्ही हातांत धरून खेळायची. एवढी साधी अक्कल अख्ख्या जुन्नर-आंबेगावात फक्त मला आहे. (पहिला भाग चौघांनी घेतला. मी आणि मेहुणा धरून.)

त्याच दिवशी, दुपारी
बायकोने, समृद्धीने, अट घातली. चाकणची नोकरी सोडून दीड वर्ष झालं म्हणे. यात्रेपर्यंत दहा गिऱ्हाइकं दाखवा, नाहीतर १५ तारखेपासून सुनीलच्या रोपवाटिकेत जायचं. सुनील म्हणजे तोच मेहुणा. टोमॅटोची रोपं विकतो. आणि मी तिथे ट्रे उचलायचे? हॅट्! दहा काय, शंभर दाखवतो. समृद्धीला व्हिजन म्हणून नाहीच.

५ एप्रिल
मार्केट रिसर्च. आळेफाट्यावर सहा जणांना कन्सोल दाखवला. चौघांनी विचारलं, यावरून फोन लागतो का. एकाने मसाजचं मशीन समजून मानेला लावून बघितला. रामनाथ चहावाला म्हणाला, राव, खिशात फोन हाय की, हे दुसरं डबडं कशापायी वागवू? डबडं! गाढवाला गुळाची चव काय.
निष्कर्ष: मार्केट तयार आहे. माणसं तयार नाहीत.

८ एप्रिल
आजपासून रोज पहाटे पाचला उठून गेम तपासणे. उठलो साडेनऊला. लाइट नव्हती, त्यामुळे तसाही उपयोग नव्हता.

९ एप्रिल
समृद्धी म्हणाली, मग फोनवरच का नाही आणत? तिला शांतपणे समजावलं की फोन म्हणजे फुकट्यांचा बाजार. पुढची भाकरी तिने फार जोरात थापली.

१२ एप्रिल, यात्रा, दुपारी २
घाटात आलोय. पहिलं गिऱ्हाईक हनुमंत गाडामालक. अडाणी माणूस, पण वजनदार. त्याने घेतला की बाकीची मेंढरं मागून येतील. म्हणून त्याच्या पाखऱ्या बैलाचं नाव मुद्दाम गेममध्ये घातलंय. आज शंभर नक्की.

१२ एप्रिल, संध्याकाळी
काय लिहू? डोकं सणकलंय.
हनुमंत खेळायला लागला. भोवती ही गर्दी! स्क्रीनवर पाखऱ्याची बारी, म्हणजे शर्यतीची धाव सुटली, तसा तो उड्या मारायला लागला. अकरा सेकंदांत घाट पार, पहिला नंबर! आणि बारी जिंकली की हातातलं उपरणं आभाळात भिरकावायचं, ही हनुमंतची तीस वर्षांची सवय. आज हातात उपरणं नव्हतं. माझा कन्सोल होता.
खाली पडला तो थेट घाटात. तेवढ्यात पुढची खरी बारी सुटली. चार बैल आणि एक गाडा त्यावरून गेला.
हनुमंत कान धरून म्हणाला, पावणं, चुकलं, पर लई भारी व्हतं! फोनवर टाका, आत्ता पैसं देतो. मागून आणखी दहा जण तेच ओरडायला लागले. मी स्पष्ट सांगितलं, फोनवर मिळणार नाही, ज्याची लायकी असेल त्याने कन्सोल घ्यावा. पांगले सगळे. अकराच्या अकरा.
समृद्धी मागे उभी राहून मोजत होती. घरी येताना गाडीवर एवढंच म्हणाली, अकरा दहापेक्षा जास्त असतात ना? मी म्हणालो, ते फोनवाले, ते धरायचे नाहीत. रडत होती की काय, आरशात नीट दिसलं नाही. बायकांना तत्त्व कळत नाही.

१५ एप्रिल, रोपवाटिका
सकाळी सातला हजर. सुनील म्हणाला, दाजी, ट्रे दोन्ही हातांनी धरा, वाकडा करू नका. मलाच शिकवतोय!
दुपारपर्यंत तीनशे ट्रे गेले. प्रत्येक गिऱ्हाईक उभं राहून, दोन्ही हातांत धरून घेऊन जात होतं. त्या चहावाल्या रामनाथला एकदा इथे आणून दाखवायला पाहिजे. माझं म्हणणं पहिल्यापासून बरोबरच होतं.