माणसांच्या खांबांवरचा तंबू

तीर्थरूप अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार. माघात तुमचे दिवस केले, आता श्रावण लागला, तरी पत्राची सुरुवात अशीच होते. गुरुजींनी बजावलंय, आता नावामागे कैलासवासी लावायचं. मी लावत नाही. रागवायचं तर त्यांच्यावर रागवा!

आज लिहायला बसले, कारण सकाळी तुम्हाला भेटायला कोणीतरी आलं होतं. दुकान झाडत होते, तर एक बाई दारात उभी. देवीच्या दर्शनाला आली होती आणि टेकरीखालच्या गल्लीतून बोर्ड वाचत वाचत आपल्यापर्यंत पोचली. "दर्जी बाबा यहीं रहते हैं?" मी ओळखलंच नाही. मग तिने मागे लपलेल्या मुलीला पुढे ओढलं. "ये वही है, दीदी." मी झाडू ठेवून तिच्यापुढे उकिडवी बसले. आपण पाहिली तेव्हा ती नऊ दिवसांची होती, अण्णा! आज चार वर्षांची आहे आणि तिने आल्या आल्या तुमच्या बटणांची बरणी उपडी केली.

तो दिवस तुम्ही नंतर कधी कोणाला सांगितला नाहीत. का हो? दरबारचे तंबू आपल्या घराण्याने शिवले, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. आम्ही भावंडं मागे तोंड लपवून हसायचो. शाळेचे गणवेश शिवणारा माणूस आणि गोष्टी तंबूच्या!

त्या दिवशी तुम्ही आणि मी बसने मनावर गावी आत्याकडे निघालो होतो. पुढच्या पुलावर पाणी, मागच्या नाल्याला पूर. बसमध्ये पाणी शिरलं तशी ड्रायव्हरने सगळ्यांना माळावर चढवलं. तिथे खालच्या वस्तीतली माणसं आधीच येऊन भिजत उभी होती. मंडीला निघालेला सोयाबीनचा एक ट्रक चढावर असा कलला होता, की आत बसायची कोणाची छाती होईना. झाड नाही, देऊळ नाही. चाळीस-पन्नास माणसं आणि वरून नुसतं कोसळणारं आभाळ.

ही बाई लुगड्याच्या पदराखाली बाळ धरून बसली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "छोरी अब रोवे बी नी." बाळ रडायचंही थांबलं होतं. तुम्ही उठलात आणि थेट ट्रकवाल्याकडे गेलात. "भिया, तिरपाल उतारो."

त्याचा सगळा माल त्या ताडपत्रीखाली होता. त्याने एकदा पोत्यांकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे. "सोयाबीन तो फिर हो जाएगी, बाऊजी," म्हणाला आणि दोऱ्या सोडायला लागला. मी आजवर कोणापुढे इतक्या मनापासून हात जोडले नाहीत.

पण काढताना वाऱ्याने ताडपत्री उभी फाटली. दोन तुकडे! ट्रकवाल्याकडे पोती शिवायची दाभण आणि सुतळी होती. तुम्ही चिखलात मांडी घातलीत. मी तुकडे धरले, तुम्ही शिवलंत. चष्म्यावरून पाणी गळत होतं, टाके मात्र सरळ.

आणि चुकलात! तुम्ही, ज्यांच्या शिवणीला गावात कोणी नाव ठेवलं नाही! सदऱ्याला घालतात तशी काठाला काठ लावून शिवण घातलीत. लोकांनी ताडपत्री उचलली आणि शिवणीतून धार लागली, नेमकी बाळाच्या अंगावर. तुम्ही वर बघत राहिलात. मग स्वतःशीच म्हणालात, "आजोबा काय म्हणायचे? वरचा तुकडा खालच्यावर वीतभर चढवायचा. कौलासारखा." आणि सगळं उसवायला घेतलंत.

मी ओरडले होते. आठवतंय? "अण्णा, पुरे! चालेल तेवढं!" सगळ्यांदेखत ओरडले. कंडक्टरही वैतागला होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "चालेल म्हणजे काय गं? खाली बाळ आहे." त्या ओरडण्याची माफी मागायची राहून गेली. आज मागते.

शिवण झाली, तर खांब कुठे होते? तेव्हा तुम्ही जे केलंत त्याने आजही माझ्या अंगावर काटा येतो. तुम्ही माणसांवरून एक नजर फिरवलीत. टेप नाही, काही नाही. "तुम बीच में. तुम इनके पीछे. बई, आप किनारे पे." उंच माणसं मधल्या ओळीत, बुटकी कडेला. सगळ्यांनी हात वर केले आणि ताडपत्रीला असा उतार आला, की पाणी दोन्हीकडून घरंगळून गेलं. थेंब आत आला नाही!

काय दृश्य होतं ते, अण्णा! कोणाला कोणाचं नाव माहीत नव्हतं. हात भरून आले की दुसरं कोणीतरी तेवढ्याच उंचीचं, न बोलावता, जागा घेई. तुम्ही बाळाजवळ बसून वर शिवणीकडे बघत होता. आजोबांकडून लहानपणी नुसतं ऐकलेलं, जन्मात कधी न केलेलं काम तुमच्या बोटांतून उतरलं होतं. मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखते असं समजत होते. त्या छपराखाली मला तुमची भीतीच वाटली, देवळात वाटते तशी.

आणि मग ती रडली. केवढ्यांदा! हात वर धरलेली सगळी माणसं हसायला लागली, ताडपत्री हलायला लागली, आणि तुम्ही दरडावलंत, "हिलना मत!"

सकाळी सोडवायला होडी येईपर्यंत ते छप्पर उभं होतं.

तर ती बाई आज म्हणाली, येत्या रविवारी मनावरजवळ त्यांच्या वस्तीवर मुलीची मन्नत उतरायची, नवस फेडायचा आहे, पंगतीत पहिलं पान बाबांचं. "बाबा कहाँ हैं?" मी काय सांगितलं असेल? "बाहर गए हैं." "रविवार तक आ जाएँगे?" मी "हाँ" म्हणाले! ती आनंदाने मुलीला घेऊन गेली आणि मी शटर ओढून घेतलं.

मी खोटं बोलले, कारण खरं अजून कोणालाच सांगितलेलं नाही. लोक विचारायला आले तेव्हा दादाच बोलायचा, मी चहा करायच्या निमित्ताने आत जायचे. पण तिला मी फसवणार नाही. रविवारी पहिल्या बसने मी मनावरला जाईन, पंगत बसायच्या आधी तिचा हात धरून सांगेन. तिथे तोंडातून शब्द फुटावा, म्हणून इथे आधी लिहून बघते.

अण्णा, तुम्ही गेलात.

तुमची,
बेबी