म्हाताऱ्याला पार्क दाखवायचाय

४ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज सरळ सांगून टाकलं. डावा डोळा गेलाच आहे. उजव्यात थोडी नजर उरलीय, तीही टिकायची नाही. "आजोबांना काही बघायचं राहिलं असेल तर आत्ताच दाखवून घ्या."

म्हातारा म्हणाला, "हिचं तोंड बघून बघूनच ही पाळी आली, आणखी काय बघू?" डॉक्टर हसले, नर्स हसली. मीपण हसले. बाहेर आल्यावर जिन्याचा कठडा धरून उभी राहिले.

५ फेब्रुवारी

बाथरूममध्ये बसून बोलतेय. नातीनं फोनात हे बसवून दिलंय – टिटवी म्हणतो आम्ही तिला, तोंड मिटत नाही पोरीचं. आपण बोलायचं, फोन लिहून ठेवतो. मला अक्षर येत नाही, म्हणजे मी काय बोलले ते मलाही वाचता यायचं नाही. याहून भक्कम कुलूप कुठलं! म्हाताऱ्याला वाटतंय माझं पोट बिघडलंय. वाटू दे.

ठरलं माझं. त्याला पार्क दाखवायचा!

सगळी उमर मी त्या पार्कातल्या भूतबंगल्यात चेटकीण म्हणून काढली. काळा झगा, पांढऱ्या केसांचा टोप, अंधारात दबा धरून बसायचं. जो सगळ्यात जास्त फुशारक्या मारत येईल त्यालाच पकडायचा, बाकीचे आपोआप किंचाळतात. आता टोपाची गरज उरली नाही म्हणा.

आणि हा बसचा ड्रायव्हर. शेवटचा थांबा म्हणजे पार्काचं गेट! साऱ्या दुनियेला गेटावर आणून सोडलं, स्वतः आत पाऊल टाकलं नाही. रविवारी ड्यूटी. सुट्टी असली की म्हणायचा, "घरी फुकट दिसतेस, तिथं तिकीट काढून कशाला बघू?"

आता तिकीटसुद्धा काढते, म्हटलं. बघ एकदा.

९ फेब्रुवारी

विषय काढला. "मी काय शेंबडं पोर आहे पाळण्यात बसायला?" संपलं.

टिटवी आली होती. तिनं लगेच बेत आखला – आधी उलटा पाळणा, मग पाण्याची घसरगुंडी, मग ते वरून खाली आपटणारं काहीतरी. मी म्हटलं, बाई, तुझ्या आजोबांना फिरवायचंय, घुसळायचं नाहीये.

माझा बेत वेगळा. मधला वार धरायचा. गेट उघडताच आत, शाळांच्या गाड्या यायच्या आधी. मोठ्या रस्त्यानं जायचंच नाही, तिथं ऊन आणि ढकलाढकली. डावीकडच्या झाडांखालून कारंज्यापाशी. तिथं बसायचं. नुसतं बसायचं! मग झुकझुक गाडीची एक फेरी. मग उपाहारगृहात चहा – मागच्या कोपऱ्यातल्या खुर्च्यांना हात आहेत, धरून उठता येतं. शेवटी माझा भूतबंगला. आणि घरी.

१० फेब्रुवारी

नाही म्हणतो. नाही म्हणजे नाही.

१४ फेब्रुवारी

दाढी करताना गाल कापून घेतला. मग चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला म्हणजे ठेवलाच नाही, हवेत सोडला. मी ओरडले. फार ओरडले. तो खाली बसून तुकडे चाचपायला लागला तेव्हा त्याचे हात धरून बाजूला केले.



हा पुरता आंधळा झाला की आमचं काय होणार? त्याला दिसायचं नाही, मला वाचता यायचं नाही. औषधाच्या बाटल्या कोण ओळखणार? दाराशी आलेला कागद कोण बघणार? दोघं मिळून एक धड माणूस होतो आम्ही, तेही आता राहत नाही. मुलगा दूर, फोनवर म्हणतो, "आई, टेन्शन घेऊ नकोस." घेत नाही रे बाबा. ते आपणहून येऊन मांडीवर बसतं.

१७ फेब्रुवारी

सकाळी पेपर मात्र चुकत नाही. लग्न झाल्यापासून हा मोठ्यानं वाचतो, मी ऐकते. आज एका कारखान्यात सगळ्यांना पगारवाढ. एक हरवलेला कुत्रा चालत चालत घरी परतला. बसची भाडी वाढणार नाहीत. हल्ली बातम्या बऱ्या येतात! आग नाही, मारामारी नाही, कुणी मेलेलं नाही.

वाचतोय म्हणजे नजर आहे अजून. घाई केली पाहिजे.

मी म्हटलं, "अहो, चला ना. माझ्यासाठी." असं मी कधी म्हणत नाही. पेपर खाली ठेवून म्हणाला, "बरं. पण पाळण्यात बसणार नाही."

तयार झाला!!

२१ फेब्रुवारी

ताप भरला त्याला. बेत रद्द.

२२ फेब्रुवारी

ताप आहेच. भिंतीकडे तोंड करून पडलाय. "राहू दे आता ते पार्कबिर्क," म्हणाला. मी पाठ चोळत राहिले. जाणारी नजर काय माझ्यासाठी थांबणार आहे? देवाला शिव्या दिल्या आज. पोटभर.

२७ फेब्रुवारी

ताप उतरला. त्याला कुणाशी बोलायची इच्छा नाही, तरी त्याच्याजवळ बसून बेत पुन्हा सांगितला. आज त्यानं चौकशी केली. "बाकाला पाठ आहे का?" आहे. "गाडीत चढायला पायरी केवढी?" घोट्याएवढी. "तू कुठं बसायचीस?" भूतबंगल्यात दुसऱ्या वळणावर, कपाटामागे.

"कपाट कसलं?" सागवानी दिसायचं, होतं पुठ्ठ्याचं. हसला. किती दिवसांनी!

२ मार्च

उद्या. आता आड येऊ नकोस रे देवा.

३ मार्च

गेलो. आलो.

फोन बंद करावा असं वाटतंय. पण मग हे बोलू कुणाशी?

बसमध्ये स्वारी खुशीत होती. ड्रायव्हरच्या मागे बसून बडबड चालू – "आता पेट्रोल पंप. आता डावं वळण. धरून बस गं, गचका बसणार!" आणि गचका बसलाच. अख्खी बस हसली. एक बाई म्हणाली, "आजोबांची नजर तेज आहे!" मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, वेळेत आणलं मी याला.

सगळं ठरल्यासारखं झालं. झाडं, बाक, कारंजं. माझा हात घट्ट धरून चालत होता, मला वाटलं वय झालं. झुकझुक गाडीत मी दाखवत होते, तो मान डोलावत होता. "छान आहे. खरंच छान आहे."

मग भूतबंगला. त्याचं दार किती वेळा सांगितलंय मी त्याला – राक्षसाचं उघडलेलं तोंड, लाल जिभेवरून चालत आत जायचं. कोपरा वळलो. तर तोंड नाहीच! पार पाडून टाकलेलं. निळे पत्रे ठोकलेत आणि पुढं टोप्यांचं दुकान. काय सांगू याला, म्हणून शब्द शोधतेय, तोच हा म्हणाला –

"बाप रे! केवढं तोंड! आणि जीभ काय लालभडक आहे गं!"

बोट दाखवत होता पाण्याच्या टाकीकडे.

आधी वाटलं चेष्टा करतोय. चेहऱ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. मला बरं वाटावं म्हणून तोंड भरून हसत होता.

तिथंच मला पगारवाढ आठवली. घरी परतलेला कुत्रा आठवला. उलटा धरला असता पेपर तरी मला काय कळणार होतं! किती दिवस झाले? तापाच्या आधीपासून? मी विचारते कुणाला! नजर आहे, नजर आहे म्हणत मी त्याला ओढत नेलं, आणि तो निघालाही.

"हो," मी म्हटलं, "नवा रंग दिलाय."

अंधारात बसून एवढ्या माणसांना घाबरवलं, आवाज कधी कापला नाही माझा. आज कापला.

परतीच्या बसमध्ये तो वळणं सांगत होता. मी खिडकीकडे तोंड करून बसले. आता तो झोपलाय. नळ सोडून ठेवलाय मी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आता दाखवायला काही उरलं नाही. काहीच नाही.

४ मार्च

चहा पिता पिता म्हणाला, "तू थाप मारलीस की तुझा आवाज बारीक होतो. काल झाला."

मी बशीत चहा ओतत राहिले.

"त्या तोंडाच्या जागी आता खरं काय आहे?"

"टोप्यांचं दुकान."

खुर्ची माझ्याकडे ओढली त्यानं. "कुठल्या रंगाच्या?"