राजांच्या टाकीबद्दल खुलासा

ती. अक्का यांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? साडूभाऊंचा खोकला एव्हाना थांबला असेल. थांबला नसेल तर सिगरेट सोडल्याचं नुसतं जाहीर करून भागत नाही, ती खरोखरच सोडावी लागते, एवढं माझ्या वतीने त्यांच्या कानावर घाला. इकडे मी ठीक आहे. मासाही ठीक आहे. घरात सध्या आम्ही दोघेच असल्यामुळे आणखी कुणाची खुशाली कळवण्यासारखी नाही. तिसऱ्या व्यक्तीची खुशाली तुम्हीच मला कळवायची, कारण ती तुमच्याकडे आहे.

घरात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे फोन हीच उचलते, माझा आवाज ऐकला की "अक्का, तुझा फोन" एवढंच म्हणते आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून निघून जाते. तुम्ही गुडघा सांभाळत येईपर्यंत काय बोलायचं ठरवलं होतं ते मी विसरून जातो आणि मग आपण साडूभाऊंच्या खोकल्यावर बोलतो. (त्या खोकल्याची मला आता इतकी माहिती झाली आहे की डॉक्टरांना हवी असल्यास देऊ शकेन.) शिवाय सगळ्या नोकरीत मी गंभीर बाबी लेखीच कळवत आलो. नवऱ्याने एका माशापायी मला घराबाहेर काढलं, असं हिने तुम्हाला सांगितलं असणार. तसं झालेलं नाही. वस्तुस्थिती खाली देतो. ती वाचून, हिने परत यावं की येऊ नये ते तुम्ही मोठेपणाने ठरवा. यावं असं ठरलं, तर जरा लवकर ठरवा.

मासा मी आणलेला नाही, हे आधी स्पष्ट करतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य होते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, पेशंट जिथे गाल धरून बसतात तिथे, काचेच्या बरणीत तो असायचा. बेट्टा जातीचा, ज्याला दुकानात फायटर म्हणतात तो. अंग गडद निळं, कल्ले लाल, आणि शेपूट अशी की कुणीतरी झिरझिरीत ओढणी पाण्यात सोडून विसरून गेलंय. हिच्या दाढेचं काम बरेच दिवस चाललं, तेवढ्यात या दोघांची ओळख वाढली. पुढे दंतवैद्यांनी दवाखाना बंद केला, मुलीकडे राहायला गेले आणि जाताना बरणी हिच्या हातात ठेवून गेले. ही त्याला राजे म्हणते. राजे उठले का, राजे जेवले का, राजे आज नाराज दिसतात. या जातीत एक नर दुसऱ्या नराला त्याच पाण्यात सहन करत नाही, दोघं एकमेकांच्या चिंध्या करतात. हे ऐकल्यावर हिने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

आता माझ्या नोकरीबद्दल, कारण प्रकरणाशी तिचा संबंध आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शीतगृहात मुख्य पर्यवेक्षक आहे. वाटाणे, लोणी आणि मासे (हे दुसरे मासे) शून्याच्या खूप खाली ठेवणं हे माझं काम. आमच्याकडे कडक नियम आहे आणि तो मीच केला आहे: कोट घातल्याशिवाय आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मग तो हमाल असो, तपासनीस असो की मालकाचा जावई. आलेल्या माणसाला मी आधी कोट देतो आणि मग काम विचारतो. माझ्या हाताखाली कुणाला कधी थंडी बाधलेली नाही, ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो. अशा ठिकाणी दिवस काढून घरी आलं की साहजिकच घर मला भट्टीसारखं वाटतं. म्हणून हॉलची खिडकी उघडी असते. ती आमचं लग्न झाल्यापासून उघडीच आहे. हवा खेळती राहते, डोकं शांत राहतं. हिचं म्हणणं पहिल्या वर्षापासून एकच, की घरात गारठा आहे हो. तुमच्या बहिणीला दोन स्वेटर, वर शाल आणि पायात माझे जुने लोकरी मोजे अशा वेषात स्वयंपाक करताना तुम्ही पाहिलंच आहे. मी तिचं म्हणणं कधी उडवून लावलं नाही. उलट वाद पुराव्याने मिटावा म्हणून पॅसेजमध्ये चांगल्यातला थर्मामीटर लावला. ती गारठा म्हणाली की मी उठून आकडा वाचून दाखवायचो. सोळा. सोळाला गारठा म्हणत नाहीत, सोळाला आल्हाद म्हणतात. ती यावर काही बोलायची नाही, तेव्हा तिला ते पटत असावं अशी माझी समजूत होती.

तर यंदा थंडी सुरू झाली आणि राजे तळाशी जाऊन बसले. रंग उडाला, शेपूट मिटली, दाणे टाकले तरी वर बघेनात. ही म्हणाली, "राजे गारठलेत." मी ताबडतोब बरणीत थर्मामीटर बुडवला. सतरा. मग माहिती काढली, तर या जातीला निदान पंचवीस-सव्वीस अंश पाणी लागतं. अक्का, जरा विचार करा. आपल्या घरात एक जीव थंडीने काकडतोय, त्याला तोंड असून सांगता येत नाही, आणि आपण त्याच खोलीत पाय पसरून पेपर वाचतोय. मला माझीच शरम वाटली. मी हिला तसं बोलूनही दाखवलं. ही आत जाऊन शाल आणखी घट्ट गुंडाळून आली.

यानंतर मी जे केलं ते कुठल्याही जबाबदार माणसाने केलं असतं. फ्रिजची मागची बाजू गरम असते हे मला धंद्यामुळे माहीत, म्हणून बरणी आधी तिकडे नेली. पण फ्रिज मध्येच सुरू होतो आणि मध्येच बंद होतो, सुरू होताना थरथरतो, आणि प्रत्येक थरथरीला राजे बरणीच्या भिंतीवर डोकं आपटून घ्यायचे. तो उपाय मागे घेतला. मग कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानातून एक सुबक चौकोनी टाकी आणली, लिटर-दोन लिटरची, आत बोटभर हीटर. हीटरला बटण नाही, खटका नाही, तो त्याच्या मर्जीने चालणार. आम्ही शीतगृहात अशी वस्तू दारातही उभी करत नाही, पण दिसायला गोंडस होती आणि मी भुललो. एवढंसं पाणी, ते तापायला कितीसा वेळ लागतो? दुपारी ही ओरडली तेव्हा आकडा बत्तीसच्या वर गेला होता आणि राजे वर येऊन तोंडाने हवा ओढत होते. (ते तसेही वर येऊन हवा घेतात, त्यांच्या जातीची ती पद्धत आहे. पण ही पद्धत वेगळी होती.) हिने पटकन प्लग उपटला, राजांना त्यांच्या पाण्यासकट पातेल्यात घेतलं आणि पातेलं पोटाशी धरून बसून राहिली.  

शेवटी मी खऱ्या मत्स्यालयवाल्यांकडे गेलो. तिथे एक बाई होत्या, कोपरापर्यंत हात ओले, नजर तपासनिसाची. मी टाकी मागितली तर त्यांनी मुलीच्या स्थळाची करावी तशी माझी चौकशी सुरू केली. मासा किती वर्षांचा, खातो काय, पाणी कोण बदलतं. मग म्हणाल्या, निदान वीस लिटरची टाकी घ्या, जास्त पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, माशाला धक्का बसत नाही. हीटर अंश लावता येईल असाच घ्या. झाकण हवंच, हा उडी मारतो. फिल्टर मंद हवा, नाहीतर ही एवढी शेपूट घेऊन बिचारा दिवसभर वाऱ्यात छत्री धरल्यासारखा फिरेल. मला हे सगळं फार पटलं. कुणीतरी माझ्याच भाषेत बोलणारं भेटलं असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, घरात तापमान किती असतं? मी जरा ऐटीतच म्हणालो, सोळा. त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. "घरात आणखी कोण असतं?" मी म्हणालो, बायको असते. "त्या काही म्हणत नाहीत?" म्हणतात ना, मी म्हणालो, पण ती तक्रार जुनी आहे, मासा नवीन आहे.  टाकी बांधून देताना बाई म्हणाल्या, ही उघड्या खिडकीजवळ ठेवू नका, हीटर बिचारा राबून राबून मरेल.

हॉलमध्ये खिडकीपासून लांब अशी जागाच नाही, हे तुम्ही जाणता. तेव्हा मी खिडकी बंद करायला घेतली. ती होईना. इतकी वर्षं उघडी राहिल्याने लाकूड फुगलं होतं, कडी गंजली होती. मी कडीला तेल घातलं, चौकट तासली, आणि आमच्या शीतगृहाच्या दाराला असते तसली रबरी पट्टी आणून चारही बाजूंनी बसवली. काम असं झालं की मेणबत्ती धरली तरी ज्योत हलणार नाही. (धरून पाहिली. हलली नाही.) टाकी मांडली, पाणी भरलं, त्यात क्लोरीन मारायचं औषध घातलं, हीटर सव्वीसवर लावला, राजांना पिशवीतून तरंगत ठेवून हळूहळू आत सोडलं. थोड्या वेळात त्यांनी शेपूट उलगडली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी हिला हाक मारली. ही स्वयंपाकघराच्या दारात कधीपासून उभी होती कोण जाणे. दोन स्वेटर, शाल, हातात चहाचा कप नुसता ऊब घ्यायला धरलेला. तिने टाकीकडे बघितलंच नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, "बंद होते वाटतं ही."

मी म्हणालो, होते तर! अगदी सहज होते, फक्त कुणीतरी मनावर घ्यायला हवं होतं.

अक्का, ते वाक्य मी कामाच्या समाधानात बोललो. दुसऱ्या दिवशी ही बॅग भरून तुमच्याकडे निघाली. कारण विचारलं तर म्हणाली, अक्काकडे ऊन येतं. मी बॅग स्टँडपर्यंत उचलून नेली. जाताना राजांच्या दाण्यांबद्दल सविस्तर सूचना दिल्या, माझ्या जेवणाबद्दल दिल्या नाहीत. ही वस्तुस्थिती आहे. यात मी तिला घराबाहेर काढलं असं कुठे दिसतं, ते तुम्हीच सांगा.

सध्याची स्थिती अशी की घरात आता चांगलीच ऊब असते. मला तिचा अतोनात त्रास होतो. मी बनियनवर बसतो, रुमालाने मान पुसतो, पण खिडकी उघडलेली नाही. राजांची तब्येत उत्तम आहे. परवापासून त्यांनी पाण्याच्या वर एका कोपऱ्यात फेसाचे बुडबुडे रचायला सुरुवात केली आहे. मी घाबरून दुकानात गेलो, तर बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, नर खुशीत असला की घरटं बांधतो, मादी असो वा नसो. तेव्हापासून मी संध्याकाळी ते काम बघत बसतो. एकेक बुडबुडा आणतो, चिकटवतो, जरा मागे सरून बघतो. कोण येणार आहे त्याच्याकडे? पण मी त्याला तसं काही बोललो नाही.

साडूभाऊंना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम पडो. कमीजास्त लिहिलं असेल तर पदरात घ्या.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. हे पत्र खास तुमच्यासाठी आहे, हिला दाखवण्याची गरज नाही. तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येत नसेल आणि कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यावं लागलं, तर माझा नाइलाज आहे. फक्त पॅसेजमधल्या थर्मामीटरचा मजकूर गाळायला सांगा. तो थर्मामीटर मी काढून टाकला आहे.

आणखी एक ता. क. वर मी असं लिहिलं आहे, जणू ती का गेली ते मला कळलेलंच नाही. ते तितकंसं खरं नाही. स्टँडवरून परत आलो, बंद खिडकीसमोर बसलो आणि कळलं. फोनवर तेच सांगणार होतो, पण मध्ये खोकला आला.

शेवटचं. मूळ काम राहूनच गेलं, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो होतो. राजांना सव्वीस अंश लागतात, हे मी एका संध्याकाळी शोधून काढलं. हिला किती लागतात ते मला माहीत नाही. लग्नापासून आजवर मी तिला आकडा वाचून दाखवला, कधी विचारला नाही. खोलीचा हीटर आणून ठेवला आहे, अंश लावता येईल असाच घेतला आहे, पण कितीवर लावायचा ते मला कळत नाही. तेवढं तिला विचारून कळवा.